श्याताईची बिजागरी

लॅपटॉप घेताना माणूस काय काय विचारतो! वेग किती, जागा किती, बॅटरी किती वेळ चालते. झाकण एका बोटानं उघडतं का, असं विचारणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. पण झाकण उघडताना खालचा भागही वर उचलला गेला, की हाच शहाणा तोंड वाकडं करून म्हणतो, "स्वस्तातला दिसतोय." त्याचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून तैवानात तैपेईजवळच्या शूलिनमधल्या एका बाईनं अर्धं आयुष्य घालवलं, हे त्या बापड्याच्या गावीही नसतं.

फांग युए-श्या तिचं नाव. बिजागऱ्यांच्या कारखान्यात लहानथोर सगळे तिला श्याताई म्हणायचे, मालक ल्यावसाहेबसुद्धा. युनलिनच्या भुईमुगाच्या शेतांतून ती पोरवयात तैपेईकडे आली आणि पावडरच्या डब्यांची झाकणं जुळवायला बसली. पुढे डब्या गेल्या, कॅमेरे आले. कॅमेरे गेले, खिशातल्या इलेक्ट्रॉनिक डिक्शनऱ्या आल्या. त्यांच्यामागून लॅपटॉप आले. वस्तू बदलत गेल्या, पण प्रत्येकीला झाकण होतंच. त्यामुळे श्याताईचं पोट चाललं आणि जुळवता जुळवता ती बिजागरी आखायलाही शिकली. लग्न मात्र राहूनच गेलं. भाच्याच्या लग्नात तिनं अंगठीची डबी उघड-मीट, उघड-मीट करत इतकं डोकं उठवलं, की नवरीच्या मावशीनं शेवटी ती तिच्या हातातून काढून घेतली.

दोन हजार आठ साली वहीएवढ्या लॅपटॉपचं वेड आलं. हलके, स्वस्त, पोराटोरांच्या दप्तरात मावणारे. लोक खूश झाले आणि बिजागरीवाल्यांच्या मात्र नाकी नऊ आले. बिजागरी घट्ट ठेवावी, तर झाकणाबरोबर अख्खं यंत्र उचललं जातं, कारण खाली वजनच नाही. सैल ठेवावी, तर टाइप करताना पडदा म्हाताऱ्याच्या मानेसारखा हलतो. श्याताईनं यावर तोड काढली. आतला वॉशर तिनं एका बाजूनं किंचित घासला. म्हणजे झाकण सुरुवातीला अलगद उघडायचं आणि पुढे जाऊन घट्ट धरायचं. ल्यावसाहेब म्हणाले, ही बिजागरी अगदी आमच्या सौ.सारखी आहे, आधी ऐकते आणि मग जागची हलत नाही.

हसले, पण त्यांचाही जीव टांगणीलाच होता. नमुना गिऱ्हाइकाच्या चाचणीत पास झाला, तर माल शूलिनमध्येच बनणार होता. नापास झाला, तर इथलं दुकान बंद करून सगळं चीनमधल्या कुनशानला हलवायचं, असं ठरलंच होतं. श्याताईला तिकडे नोकरी होती, राहायला खोलीही होती. फक्त तिचे ऐंशीच्या घरातले बाबा इथे एकटे राहिले असते, आणि ते समुद्र ओलांडून यायला मुळीच तयार नव्हते. "जा की," ते म्हणायचे, "मी काय कुकुलं बाळ आहे?" गुडघे धरून जिना चढणारा माणूस असं म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडतात. पास झाली तर घर, नापास झाली तर कुनशान. श्याताईच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नव्हतं.

चाचणी साधीच असते. एक लोखंडी हात झाकण उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो, हजारो वेळा. शेवटी झाकण तिरकं उघडं ठेवायचं. पडदा आहे तिथे राहिला तर पास, कलला तर गेलात. चाचणीची खोली आ-खुन नावाच्या गड्याकडे होती. भला माणूस, पण भलताच देवभोळा. त्यानं तिकडच्या रिवाजाप्रमाणे मक्याच्या कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी आणली. यंत्रानं गुण्यागोविंदानं काम करावं म्हणून ती जवळ ठेवायची. ती हिरवीच हवी. पिवळी, लाल चालत नाही. तारीख उलटलेली नको, आणि काम चालू असताना तिला हात लावायचा नाही, खाणं तर दूरच. त्यात हसण्यासारखं काय आहे? इस्पितळातल्या यंत्रांवरही असते, बँकेतही असते.

निकालाच्या सकाळी गिऱ्हाइकाकडून द्वान नावाचा तपासनीस आला. तरुण, नीटनेटका, हातात छत्री. लोखंडी हात थांबला. द्वाननं झाकण बेतानं तिरकं केलं आणि बोट काढून घेतलं. पडदा क्षणभर राहिला. मग पेंगुळल्यासारखा हळूहळू मागे कलायला लागला आणि पार मागे रेलला. द्वाननं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

श्याताईच्या तोंडचं पाणी पळालं. द्वान हळू आवाजात म्हणाला, वाईट वाटतं, पण मला लिहावं तर लागेलच. परक्या माणसासमोर डोळे पुसायला नकोत म्हणून श्याताई तार तपासण्याचं निमित्त करून टेबलाच्या मागे गेली. आणि तिथे तिला दिसलं, की झाकणाच्या पाठीवर, अगदी वरच्या कडेला, चिकटपट्टीच्या चार पट्ट्यांनी हिरवी पुडी चिकटवलेली आहे.

आ-खुनला विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक. टेबल दिवसभर थरथरतं, पुडी सारखी खाली पडत होती, आणि पुडी पडणं म्हणजे अपशकुन. म्हणून त्यानं ती जिथून पडणार नाही अशा जागी पक्की केली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून बिचारी बिजागरी झाकणाबरोबर आ-खुनची भक्तीही उचलत होती! एवढ्याशा पडद्याच्या टोकाला तेवढं वजन म्हणजे काय, ते श्याताईला कुणी सांगायला नको होतं.

"काढ ती," ल्यावसाहेब म्हणाले.

आ-खुन मागे सरकला. चाचणी संपल्याची सही अजून झालेली नव्हती, आणि त्याआधी पुडी काढली तर यंत्र रुसतं, हे त्याला ठाऊक होतं. ल्यावसाहेबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. द्वानकडे पाहिलं, तर तोही छत्री कुरवाळत म्हणाला, "आमच्याकडेही कुणी काढत नाही." तीन धडधाकट पुरुष आणि मूठभर मक्यापुढे पाचावर धारण बसलेली.

श्याताईला आधी राग आला आणि मग बाबांचे गुडघे आठवले. तिनं पुडीपुढे दोन्ही हात जोडले.

"बाई गं, फार सांभाळलंस," ती म्हणाली. "आता मला माझं सांभाळू दे."

तिनं एकेक पट्टी सोडवली, पुडी अलगद बाजूला ठेवली, झाकण मिटलं आणि एका बोटानं पुन्हा उघडलं. खालचं यंत्र जागचं हललं नाही. तिनं बोट काढलं. पडदा तिथेच. द्वाननं टेबलावर हात आपटला, पडदा तिथेच. त्यानं खिशातून छोटा वजनकाटा काढून पुडीही तोलली, जास्तीच्या वजनासह इतक्या वेळा उघड-मीट झाली असं कागदावर लिहिलं आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही मागितलं त्याहून कडक परीक्षा दिलीत तुम्ही." त्यानं सही केली तेव्हा कुठे श्याताईचा जीव भांड्यात पडला. आ-खुन तर खाली बसून ढसाढसा रडला.

संध्याकाळी ती घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, मी कुठे जात नाहीये. झालं पास."

बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखालच्या कपाटातून एक खोकं काढून आणलं. त्यात एका माणसापुरता भात होईल असा छोटासा कुकर होता. खोक्याच्या फिती अजून कापलेल्या नव्हत्या. कधी आणून लपवला होता कुणास ठाऊक.

"दुकानवाला परत घेईल ना गं?" त्यांनी विचारलं.