येताना दोन फोटो आण

दादाचा फोन आला तेव्हाच मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

फोन आमच्या घरी नव्हता, खालच्या किराणा दुकानात होता. दुकानदारीण जिन्याखालून हाक मारायची, "मॅडम, जुन्नरचा फोन!" आणि मी ओले हात पदराला पुसत धावायचे. जुन्नरचा फोन म्हणजे कुणीतरी आजारी, नाहीतर कुणीतरी गेलेलं. बाबा गेले तेव्हाही असाच आला होता. त्या दिवशी मात्र दादा म्हणाला, "तायडे, यंदा नाताळाला घर सजवायचं ठरवलंय. बाबा करायचं तसं. चांदणी, गव्हाणी, समदं. दोन-तीन दिस आधीच ये. आणि येताना दोन फोटो आण, पासपोर्टचं."

"फोटो कशाला?"

"आल्यावर सांगतो," म्हणाला आणि ठेवूनच दिला.

आता हा दादा कसा, ते सांगते. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. घोडेगावाहून जुन्नर ते काय लांब? एसटीनं तासाभराचा रस्ता. पण आठ वर्षांत या माणसानं मला आपणहून एकदा बोलावलं नव्हतं. मीच जायचे, नाताळाच्या सकाळी, आणि जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत. वहिनी डब्यात चार करंज्या भरून द्यायची, त्यातल्या दोन फुटलेल्या. आणि आता अचानक 'दोन-तीन दिस आधीच ये'!

आमचे हे शाळेत मास्तर. त्यांना सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "हक्कसोड."

म्हणजे बहिणीनं वडिलांच्या घरावरचा आपला हिस्सा भावासाठी सोडायचा, तो कागद. त्याला बहिणीची सही लागते आणि फोटो लागतात. "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली," हे म्हणाले, "उताऱ्यावर तुझं नाव लागलं असणार. भाऊ गोड बोलायला लागला की बहिणीनं पेन लपवावं." यांना कळणारच. यांनी स्वतःच्या दोघी बहिणींच्या सह्या एकेका साडीवर घेतल्या होत्या, आणि त्या साड्या मीच निवडल्या होत्या.

घर म्हणाल तर काही राजवाडा नव्हे. दोन खोल्या, पुढं पडवी, वर कौलं, मागं एक सीताफळ. पण त्या पडवीत मी अभ्यास केला, तापानं फणफणले, नवऱ्याकडची माणसं बघायला आली तेव्हा तिथंच सतरंजीवर बसले. हिस्सा विकून मला काय मिळणार होतं? काही नाही. पण ते माझं आहे, हे कुणी काढून घेऊ नये असं मला फार वाटायचं. तरीही स्टुडिओत जाऊन फोटो काढले. का, ते विचारू नका. ते पाकिटात रुमालाखाली घातले आणि मनाशी ठरवलं, द्यायचे नाहीत.

जुन्नरला उतरले तर आणखी नवल. भिंतींना नवा चुना, त्यात नीळ घातलेली. वहिनी उंबऱ्यापर्यंत आली, माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "या ताई, दमला असाल." ताई! आठ वर्षांत मी तिची 'अहो' होते. अंघोळीला कडकडीत पाणी, चहाबरोबर अख्ख्या करंज्या. मी एक करंजी हातात घेऊन उलटसुलट बघितली. आई कोपऱ्यात बसून क्रेप कागदाच्या पट्ट्या कापत होती. बाबा गेल्यापासून तिचा हात थरथरायचा, पट्ट्या वाकड्यातिकड्या व्हायच्या. ती म्हणाली, "लई बरं झालं आलीस." एवढं मात्र खरं वाटलं.

जेवण झाल्यावर फडताळातून जुनी चांदणी खाली काढली. तिचं सांगायला हवं.

बाबा दर वर्षी बांबूच्या कामट्यांची पाच टोकांची चांदणी करायचे, माझ्या कमरेएवढी. वरून पतंगाचा कागद, आत बल्ब. प्रत्येक टोक एकेकाचं. बाबांचं, आईचं, दादाचं, माझं, आणि पाचवं येणाऱ्या पाहुण्याचं. ज्याचं टोक, त्यानंच त्याला कागद लावायचा आणि आतल्या बाजूनं आपला एक छोटा फोटो चिकटवायचा. बाहेरून चेहरा दिसत नाही; बल्ब लागला की नुसता काळा चौकोन दिसतो. रस्त्यानं जाणारा विचारायचा, "काय हो, चांदणीला ठिगळं का?" बाबा म्हणायचे, "ठिगळं नाहीत, घरातली माणसं हायेत." पाहुण्याचं टोक कोरं असायचं, कारण पाहुणा कोण येईल ते कुणाला ठाऊक?

माझं लग्न झालं, त्याच्या मागोमाग दादाचंही झालं. माझ्या टोकात वहिनीचा फोटो गेला. मी रागानं बघितलं तर बाबा हसून म्हणाले, "आता तू पावणी. पावण्याचं टोक तुझंच की!" सगळे हसले. मीही हसले. पण पाहुण्याच्या टोकात फोटो नसतो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. बाळ येशूच्या गव्हाणीला शेजारच्या गोठ्यातून कडबा आणला. सुरूची फांदी डब्यात रोवली आणि तिच्यावर कापसाचा बर्फ टाकला. जुन्नरात बर्फ बघितलाय कुणी, पण टाकायचा म्हणजे टाकायचा. वहिनी कागद चिकटवायला खळ शिजवत होती. मी आत चमचा आणायला गेले, तर ती कपाटासमोर उभी, हातात खाकी लिफाफा. मला बघून तिनं तो घाईनं कपाटावर ठेवला. "लाइटबिलं हायेत," म्हणाली. मी विचारलं होतं का? मी तर चमचा मागायला आले होते!

ती अंगणात गेल्यावर मी स्टुलावर चढले. हो, चढले. लाज वाटते सांगताना, पण चढले. लिफाफ्यात घराचा उतारा होता. नवा, शिक्का मारलेला. त्यावर तीन नावं: आईचं, दादाचं, माझं. मास्तर बरोबर होते. केसानं गळा कापायचा बेत होता, आणि तो केस वहिनीनं तेल लावून विंचरून ठेवला होता.

तेवढ्यात पडवीतून दादाची हाक. "तायडे, फोटो आणलंस का?"

"विसरले," मी आतूनच ओरडले.

"असं कसं? मी एवढं सांगितलं व्हतं."

"विसरले म्हणते ना!"

"मग चल, बाजारात काढून घिऊ. उद्या बारापर्यंत उघडा असतो स्टुडिओ."

स्टुडिओ कुठं, तर दस्त नोंदवायच्या कचेरीच्या समोर. मी म्हटलं, वा! फोटो काढायला रस्त्याच्या या बाजूला, सही करायला त्या बाजूला.

चोवीस तारखेला दादानं सकाळपासून तीनदा विचारलं. मी तीनदा काहीतरी कारण काढलं. केस धुतलेत, डोकं दुखतंय, साडी बरी नाही. बारा वाजून गेले तेव्हा मी मनात म्हटलं, सुटले. दुपारी चांदणीला कागद लावायला बसलो. संध्याकाळी देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, मंडळी गाणी म्हणत घरोघर येणार, त्याआधी ती पडवीत टांगायला हवी होती. आईनं आपलं टोक लावलं, दादानं लावलं, वहिनीनं लावलं. बाबांच्या टोकाला लाल कागद कापून ठेवलेला, पण तो कुणी लावेना. दादा हातात खळीचं भांडं घेऊन माझ्याकडं बघत बसला.

"फोटो असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

बस्स! माझं टाळकंच सरकलं.

"फोटो, फोटो, फोटो! सरळ सांग ना, सही पाहिजे म्हणून! कपाटावरचा कागद काढ. नाटकं कशाला? ताई काय, गरम पाणी काय, अख्ख्या करंज्या काय! मला येडी समजलात होय रे? बाबा असते तर हे झालं नसतं!"

आईनं कात्री खाली ठेवली. वहिनीनं डोक्यावरचा पदर सावरला आणि ती आत निघून गेली. नेहमी तोंडाला तोंड देणारा दादा नुसता खळीत बोट फिरवत राहिला.

आईच बोलली. "अगं, बाबांच्या टोकात तुझा फोटो लावायचा व्हता. तिचा एक फोटो मागून घे, असं मीच त्याला म्हनलं व्हतं. त्यांचं टोक रिकामं बघवत न्हाई मला. लेकीनं घ्यावं वाटलं."

"तुला आल्यावर सांगनार व्हतो," दादा म्हणाला. "आणि कपाटावरचा कागद म्हनशील तर त्यात तुझं नाव मीच घातलंय. लोक बहिनींची नावं सांगत्यात व्हय तलाठ्याला?"

कुणीतरी तोंडात मारल्यासारखी मी बसले. फोटो माझ्या पाकिटात होते, चार हातांवर, रुमालाखाली. उठून काढायचे आणि द्यायचे, एवढंच होतं. पण काढले असते, तर खोटं बोलले होते ते उघड झालं असतं. मी उठले नाही. देवाशपथ, उठताच आलं नाही. दादानं लाल कागद कोराच लावला. संध्याकाळी बल्ब लागला तेव्हा चांदणीत तीन काळे चौकोन होते आणि दोन टोकं मोकळी, एक पाहुण्याचं आणि एक बाबांचं. मंडळी आली, पेटी वाजली, सगळ्यांनी गाणी म्हटली. आईनं एकदाही वर बघितलं नाही.

निघायच्या दिवशी मी दादाला गाडीपर्यंत येऊ दिलं. स्टँडवर त्याला म्हटलं, "मला घरातलं काही नको. कागद कर, मी सही करते."

"आत्ता कशाला?" तो म्हणाला. एकदाच म्हणाला. मग गाडी लागली तेव्हा म्हणाला, "तुझी मर्जी असंल तर जानेवारीत बघू."

घरी हे कपाळाला हात लावून बसले. "पेन लपव म्हटलं होतं, आणि तू स्वतःच काढून दिलंस?" पण मला ते ओझं नको होतं. भावावर आळ घेतला, आईला दुखवलं, आणि वर हिस्सा धरून बसायचं? मला वाटलं, सही केली की फिटेल.

जानेवारीत गेले. कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्यानं विचारलं, "ताईंचे फोटो आणलेत?" मी पाकीट उघडलं आणि रुमालाखालून दोन्ही काढून दिले. तेच. दादा शेजारीच उभा होता. त्यानं फोटो बघितले, पाकीट बघितलं, आणि चहा सांगायला निघून गेला. एक फोटो कागदावर चिकटला, दुसरा प्रतीवर. वहिनीनं हिरवी साडी दिली. चांगली होती, अजून आहे.

पुढच्या नाताळाला आईनं माझा नवा फोटो मागून घेऊन बाबांच्या टोकात लावला. पुढं तीन वर्षं तो तिथं होता. मग आई गेली. नंतर दादानं बाजारातून प्लास्टिकची तयार चांदणी आणली, बटण दाबलं की रंग बदलणारी. मी परत नाताळाच्या सकाळी जायला लागले आणि संध्याकाळच्या गाडीनं यायला.

परवाच्या डिसेंबरात माझी लेक म्हणाली, आपण आजोबांसारखी चांदणी करू या. आता घरी मोबाईल आले, रंगीत फोटो आले, पण कामट्या आणि खळ तीच. ती तिच्या टोकाला कागद लावत होती. मी डब्यातून तिचे फोटो काढून दिले. दोन होते. तिनं एक चिकटवला आणि दुसरा माझ्या हातात परत दिला. "एकच लागतो की गं," म्हणाली.

मी तो फोटो धरून बसले. एकच लागतो. आईनं एकच मागायला सांगितला होता. आणि दादा फोनवर काय म्हणाला होता, ते मला शब्दाशब्दानं आठवत होतं.

सवयीनं म्हणाला असेल. स्टुडिओवाले तरी कुठं एकच फोटो देतात? किंवा एखादा खळीत भिजून खराब होईल म्हणून असेल. मोबाईल समोरच पडला होता. दादाला विचारायचं, तर आत्ता एका मिनिटात विचारता आलं असतं.

"आई, खळ वाळत चालली," लेक म्हणाली. मी मोबाईल उलटा करून ठेवला आणि पाहुण्याच्या टोकाला कागद लावायला घेतला.