मामांचे ना-हरकत दाखले

सरकारी कचेरीत जायचं म्हटलं की लग्नाला निघाल्यासारखा ज्याचा चेहरा फुलायचा, असा माणूस मी सबंध आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढून मामा निवृत्त झाले, क्वार्टर सोडून इंदापूरला आपल्या घरी आले आणि रस्त्याकडेच्या वडिलोपार्जित पाच गुंठ्यांत त्यांनी गाळे बांधायचं ठरवलं. खाली चार दुकानं, वर एक हॉल. याला ते ‘आपलं कमर्शियल’ म्हणत. हा शब्द उच्चारताना त्यांच्या तोंडात पेढा असावा असं वाटे. नव्वद सालानंतर आमच्या भागात जो तो रस्त्याला लागून गाळे बांधत होता, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते मामांच्या पद्धतीत. मी तेव्हा बारामतीत एका इंजिनिअरकडे नकाशे काढायला होतो, म्हणून नकाशाचं काम आपोआप माझ्याकडे आलं आणि पुढची दोन वर्षं मी मामांच्या मागे गुंडाळी घेऊन फिरलो.

बाकीचे लोक कचेरीत एजंट घेऊन जात, मामा पत्र्याची पेटी घेऊन जात. कारखान्यातली ही अवजारांची पेटी. आता तिच्यात अर्ज, कोर्ट फीची तिकिटं, टाचण्या, दोऱ्याचे टॅग, डिंकाची बाटली आणि स्टँपपॅडची शाई असे. पाना आणि तेलाची बुधली मात्र त्यांनी काढली नव्हती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला निळं, काळं आणि लाल अशी तीन पेनं. अनोळखी माणसं त्यांना साहेब समजून आपले अर्ज दाखवत आणि मामाही ते मन लावून वाचत. “हितं तारीख राहिली बगा,” असं सांगून निळं पेन पुढं करत. त्यांना आवक नंबर तोंडपाठ असत. दुसरे म्हातारे नातवंडांची नावं सांगतात तसे ते सांगत. आपली फाईल ते कधीच आधी विचारत नसत. टेबलामागच्या माणसाच्या आईचे गुडघे, धाकट्याची दहावी, गावाकडची विहीर, असं सगळं विचारून झाल्यावर जाता जाता म्हणत, “आन् आमचं कागद बसल्यात का निवांत?”

त्यातून हाडाचे फिटर. कुरकुरणारी वस्तू ऐकली की त्यांचा जीव कासावीस होई. तहसील कचेरीतल्या कारकुनाची खुर्ची त्यांनी पहिल्याच भेटीत उलटी करून घट्ट केली. तो कारकून तोवर उभा राहून काम करत होता. एका टेबलाचा खालचा खण कैक वर्षांत उघडला नव्हता. मामांनी तासभर खटपट करून तो उघडला. आत कुणाचा तरी चष्मा, वाळलेली लिंबं आणि काटेवाडीकडच्या एका बाईंचे हरवलेले मूळ कागद निघाले. त्या बाईंनी मामांना पुढं भाजीची पिशवी आणून दिली. मामांचा अर्ज त्या दिवशी पेटीतच राहिला. कचेरीबाहेर आल्यावर मी आठवण दिली, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या पाव्हणं. आज खण उघडला, ही काय लहान गोष्ट हाय का?”

ना-हरकत दाखल्यांचा तर त्यांना नादच लागला. रस्त्याचा, पाण्याचा, आरोग्याचा असे लागणारे सगळे दाखले त्यांनी मिळवलेच. पण समोर जनावरांचा दवाखाना आहे म्हणून तिथल्या डॉक्टरांकडूनही एक आणला. ‘सदर बांधकामास या दवाखान्याची हरकत नाही.’ कारकून म्हणाला, “आबा, हा कुणी मागितला?” मामा म्हणाले, “मागितला न्हाय, पर भाऊसाहेब, कुणाची हरकत न्हाय हे कागदावर वाचायला बरं वाटतं.” त्यानं तो हसत हसत फाईलला लावून घेतला.

असं सगळं असूनही बिनशेतीची परवानगी मात्र येत नव्हती. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. विटांचा ढीग जागेवर शेवाळला. लोक चेष्टा करू लागले, “मामा, फाईल कुठवर आली?” मामा हसून म्हणायचे, “सरकारी काम हाय. सरकारचा पाय जड असतोय.” घरी त्यांची लेक सुमन होती. सासर कायमचं सोडून परत आलेली. ओसरीवर एक मशीन टाकून ती मुलींना शिवण शिकवायची. सात-आठ मुली, जागा एवढीशी. पाऊस आला की सगळ्याजणी कापडं पोटाशी धरून आत पळायच्या. मामी चहा देताना माझ्याकडं अशा बघायच्या की नकाशा काढणाऱ्याचीच चूक असावी.

एका खेपेस मला राहवेना. मामांना चहाच्या टपरीवर बसवून मी एकटाच तहसीलात गेलो आणि त्या खुर्चीवाल्या कारकुनाला जरा तडकूनच विचारलं, “एवढ्या साध्या माणसाची फाईल तुम्ही दोन वर्षं का अडवली?”

तो उठला. मग कपाटातून फाईल काढून त्यानं माझ्यापुढं उघडून धरली. जागा सुमनच्या नावावर करावी आणि परवानगी तिच्याच नावानं मिळावी, असा मामांचा अर्ज होता. जमीन वडिलोपार्जित, म्हणून मुलाची संमती हवी होती. संमतीपत्र टाईप केलेलं होतं, तिकीट लावलेलं होतं, सहीची जागा कोरी होती. मामांचा एकुलता एक मुलगा पुण्याला चांगल्या नोकरीत होता.

“मी आबांना म्हटलं, स्वतःच्या नावानं करा, महिन्यात देतो. लेकीचं नंतर बघा,” कारकून म्हणाला. “ते म्हणाले, नंतर मी नसलो तर तिला कोण उभं करून घेईल? आणि हात जोडून म्हणाले, कुणी विचारलं तर कचेरीतच अडकलंय म्हणा. म्हणून आम्ही दोन वर्षं शिव्या खातोय.”

माझ्या नकाशावर मालकाच्या नावाची चौकट मामांनी कोरी का ठेवायला लावली, वरच्या हॉलमध्ये स्विचबोर्ड बसलेल्या बाईच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर का मागितले, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मामा आणि मी जागेवर जाऊन विटांवर बसलो. मी म्हणालो, “मामा, मी फाईल पाहिली.” त्यांनी पेटीचं कुलूप उगाच दोनदा लावलं, काढलं.

“तो वाईट न्हाय,” ते म्हणाले. “त्येला वाटतं बहिणीला दिलं की आपलं कमी झालं. एकदा सांगितलं मी. परत कसं सांगू? सरकारला नावं ठिवली तर सरकारला काय वाटत न्हाय, पाव्हणं. पोराला ठिवली तर त्येला गावात यायला तोंड ऱ्हात न्हाय.”

मी पुण्याला जाऊन त्याच्याशी बोलायचं म्हणत होतो. मामांनी शपथ घालून मला थांबवलं. पण त्या दिवाळीला मुलगा आपणहून आला, तेव्हा त्यांनी त्याला एवढंच विचारलं, “माझ्यासंगं कचेरीत येतोस का? पेटी जड झाली.” मीही होतो. दारातला शिपाई उठून उभा राहिला. “हेच का चिरंजीव? आबा रोज तुमचं सांगतात.” पलीकडच्या टेबलावरून कुणी म्हणालं, “रजा मिळाली वाटतं एकदाची. आबा म्हणत होते, साहेबाला रजा नाही, नाहीतर पहिल्या दिवशीच येऊन सही केली असती.” कारकुनानं खुर्ची पुढं केली. दोन वर्षांत प्रत्येक टेबलावर बापानं आपली काय प्रतिमा मांडून ठेवली होती, हे त्या मुलाला एका फेरीत दिसलं. त्यानं वळून मामांकडं पाहिलं. मामा पाठमोरे होऊन खिडकीच्या बिजागरीला तेल घालत होते. ते काही केल्या वळेनात. मुलानं खिशातलं पेन काढलं. मग खाली बघत म्हणाला, “कुठं करायची सही?”

पुढं सगळं भराभर झालं. परवानगी आली, नकाशा मंजूर झाला, वर्षाच्या आत भिंती उभ्या राहिल्या. पाण्याच्या जोडणीसाठी मामांनी चर स्वतः खणला आणि उतार नळजोडणीच्या माणसांपेक्षा चांगला काढला. थ्री फेजचा मीटर बसला त्या दिवशी वायरमनला त्यांनी जेवायला बसवलं, आणि तो जेवत असताना त्याची पक्कड दुरुस्त करून दिली. सुमननं वर सहा मशीनं मांडली. भावानं त्यातली दोन पाठवली होती.

मामा आता नाहीत. त्यांची आठवण आली की मला मीटर बसल्याच्या पुढच्या महिन्यातली एक सकाळ आठवते. मामा पहिल्या एस.टी.नं इंदापूरहून बारामतीला माझ्या दारात आले होते, इस्त्रीच्या शर्टात, पण हातात पेटी नव्हती. पाणीसुद्धा न घेता त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून मला दिला. विजेचं पहिलं बिल होतं.

“चष्मा इसरलो,” ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. “वरचं नाव वाचा जरा.”

मी वाचलं. सुमन, मग मामांचं नाव, मग माहेरचं आडनाव.

ते भिंतीला टेकून खाली बसले, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, “परत एकदा वाचा, पाव्हणं. सावकाश.”