उंबरठ्याबाहेरची प्रार्थना

मी घर बांधत होतो त्याच काळात मला प्रार्थना करता येईनाशी झाली. तेव्हा हे मी कोणाला सांगितले नाही, बायकोलाही नाही. वरून पाहणाऱ्याला काही उणे दिसले नसते. पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, अध्याय अकराशे एकोणनव्वद. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात ते पुरे होऊन वर दहा वाचून होतात. हे गणित मी विशीत मांडले आणि पुढे वीस वर्षे पाळले. जेवणाआधी उपकारस्तुती, निजताना प्रभूची प्रार्थना, सारे वेळच्या वेळी होई. पण डोळे मिटले की समोर कोणी नसे. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज ऐकावा तसे वाटे.

माझे वडील, आप्पा, बेळगावजवळच्या एका खेड्यात चर्चचे पाळक होते. पहाटे घोंगडीवर बसून ते देवाशी बोलत ते शेजारच्या माणसाशी बोलावे तसे. मध्येच थांबत, जणू पलीकडचा काही सांगतो आहे, आणि मग ‘बरं’ म्हणून पुढे बोलत. लहानपणी मी पांघरुणात पडून ते ऐकत असे. ते वारले तेव्हा मागे दोन कोट, एक छत्री आणि शास्त्राची जीर्ण प्रत एवढेच निघाले. राहते घर चर्चच्या मंडळीचे होते, ते आईला तीन आठवड्यांत सोडावे लागले. माझ्या मुलांवर ही पाळी येऊ द्यायची नाही, असे मी त्या दिवशी ठरवले. ते ठरवणे चुकीचे होते असे आजही म्हणणार नाही.

पुढे बंगळूरला सरकारी कारखान्यात नोकरी लागली. तयार झालेल्या भागांची मापे तपासायचे काम होते. इंचाचा हजारावा भाग चुकला तरी तो भाग मी परत पाठवी. तिथल्याच शिवाजीनगरला दोन खोल्यांत बारा वर्षे काढल्यावर, पन्नासचे दशक संपत आले तेव्हा, शहराच्या दक्षिणेला नव्या वसाहतीत जागा मिळाली. सुट्टी काय ती रविवारची. आमची आठ-दहा मराठी ख्रिस्ती कुटुंबे रविवारी दुपारी पाळीपाळीने एकमेकांच्या घरी उपासनेला जमत. बांधकामाच्या चौदा महिन्यांत मी तिथे पाच वेळा गेलो. उरलेले रविवार भिंतींना पाणी मारण्यात आणि मेस्त्रीशी वाद घालण्यात गेले. पुढच्या दाराची चौकट पाव इंच कलली म्हणून मी ती काढून पुन्हा बसवायला लावली. “सामी, दारातून माणसंच जाणार ना?” मेस्त्री म्हणाला होता.

संध्याकाळी गवंडी गेले की ओल्या भिंतींपाशी मी एकटा उरे. तेव्हा आप्पांचा तो आवाज आठवून जीव तुटे. त्यांनी ऐकले ते मला एकदा, एकदाच ऐकू यावे, असे वाटे. संपत्ती पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात साठवा, असे प्रभू येशू म्हणाला ते मला तोंडपाठ होते. एके दिवशी मी स्वतःलाच विचारले, त्या आवाजाच्या बदल्यात हे घर सोडशील का? खोटे बोलायची सवय नसल्याने उत्तर लगेच मिळाले. नाही. त्या उत्तराने मी फार खचलो. ओढ तर खरी होती आणि उत्तरही खरे होते.

घर पुरे झाले. आमच्याकडे नव्या घराच्या समर्पणाची एक रीत आहे. पाळकांनी अंगणात वाचन व प्रार्थना केल्यावर घरधन्याने उंबरठ्याबाहेर उभे राहून आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. त्याने आमेन म्हणेपर्यंत आत कोणी पाऊल ठेवायचे नाही. लिहिलेले वाचलेले चालत नाही. मी आठवडाभर खपून प्रार्थना लिहिली आणि पाठ केली. पाया, भिंती, छप्पर, विहीर, प्रत्येकासाठी एक एक वाक्य.

त्या दिवशी अंगणात बेचाळीस माणसे होती. पाळकांचे झाले, मी उंबरठ्याशी गेलो आणि डोळे मिटले. पाठ केलेले सारे आठवत होते. पण पहिले वाक्य ओठांवर आले आणि मला कळले, ही मालाच्या तपासणीची यादी आहे. घरातल्या कशाचेही नाव यातून गळलेले नाही, आणि ज्याला हे सांगायचे तो कुठेच नाही. ती यादी म्हणून टाकणे सोपे होते. मला ते करवेना.

किती वेळ गेला ते, आश्चर्य म्हणजे, मला सांगता येत नाही. ऊन चढले होते. मुले कुरकुरू लागली. मेहुणा हळूच म्हणाला, “दाजी, घराला चौदा महिने लागले. आमेनला किती?” कोणीतरी हसले. बायको जवळ येऊन म्हणाली, “अहो, बरं वाटत नाही का?” पाळकांनी पुढे होऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मान हलवली.

तेवढ्यात शेजारच्या बांधकामावरची एक बाई घागर घेऊन आमच्या विहिरीवर आली. तिला मी पूर्वी पाहिले नव्हते. पन्नाशीची असेल, केसांत चुन्याची भुकटी. इतकी माणसे दार उघडे असताना उन्हात का उभी, असे तिने मुलांना विचारले. मालकाने प्रार्थना करायची आहे आणि त्याला ती येत नाही, असे माझ्या धाकट्या मुलीने सांगून टाकले. बाई घागर कमरेवर घेऊन थेट माझ्यापाशी आली आणि कानडीत म्हणाली, “मागायचं सुचत नाही का अण्णा? मग मागू नका. त्याला नुसतं आत बोलवा. तोही उन्हातच उभा असेल.”

मी डोळेही मिटले नाहीत. “प्रभू,” मी म्हणालो, “आत ये. घर तुझं आहे. मला तू हवास.” एवढेच. पुढे काही सुचले नाही, आणि आमेन म्हणायचे राहिले ते पाळकांनी म्हटले. त्या क्षणी कोणाचा आवाज ऐकू आला नाही. पण समोर कोणी नाही, असेही वाटले नाही. चेहरा ओला झाला होता, तो मी सगळ्यांसमोर तसाच राहू दिला.

बायकोने त्या बाईला पंगतीला बसवून घेतले. ती पोटभर जेवली, पायसम पुन्हा मागून घेतले आणि घागर भरून कामावर गेली. ती कोणत्या देवाला मानत होती ते मी विचारले नाही. नंतर दोनदा त्या बांधकामावर गेलो, तर ती टोळी दुसरीकडे गेल्याचे कळले. तिला कोणी पाठवले, हा वाद मी घालत नाही.

त्या आठवड्यात वाचनाचे वेळापत्रक बंद केले. एकाच स्तोत्रावर महिना महिना जातो. उपासनेची पाळी आता बहुतेक रविवारी आमच्याकडेच असते. घराच्या बदल्यातला तो जुना प्रश्न मी स्वतःला पुन्हा विचारला नाही, कारण जे आपले राहिले नाही ते सोडायचे कुठून? आप्पांना ऐकू येई ते मला अजून ऐकू आलेले नाही. कधी पहाटे अगदी जवळ कोणी बसल्यासारखे वाटते, कधी महिनोन्महिने नाही. पूर्वी ही ओढ म्हणजे माझ्यातली उणीव वाटे. आता वाटते, मला मिळालेले मोठे धन तेच, आणि ते मी कमावलेले नाही. देणाऱ्याचे आभार मानायला पुरेसे शब्द आजही सापडत नाहीत. मी त्याच्यापुढे तसाच गप्प बसतो, आणि आता त्या गप्प बसण्याची मला भीती वाटत नाही.