मावशींच्या कपातलं गोड

रडकी मुलं गप्प करण्यात पाळणाघराच्या मावशींचा हात धरणारं कोणी नाही, असं सगळ्या आया म्हणत. खरी किमया बाटलीतली होती. आई दाराआड झाली की मुलं टाहो फोडत. मावशी कपात नारिंगी ज्यूस ओतत, वर चमचाभर साखर. की घर चिडीचूप.

ठमी त्यांच्याकडे आली तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. चार वर्षांची झाली तोवर जिना चढताना धापा टाकू लागली. डॉक्टरांनी वजनावरून तिच्या आईला फैलावर घेतलं. आई नर्स, ड्युटीच्या मागे धावणारी. तिने घरातलं गोड बंद केलं, तरी वजन उतरेना. मग संशय सासूवर गेला.

एका संध्याकाळी ठमीला न्यायला आलेली आजी पायरीवरच बसली.

"सून म्हणते, मी पोरीला चोरून खाऊ देते. ड्युटीमुळे आणायला पाठवते, पण घरी तिला माझ्याजवळ एकटीला बसू देत नाही आता. मी देईन का हो?"

"छे हो," एवढंच मावशींच्या तोंडून निघालं.

"तुम्ही तरी म्हणालात," आजी डोळे पुसत म्हणाली.

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या सकाळी त्यांनी ठमीच्या आईला दारातच थांबवलं.

"सासूबाईंना बोल लावू नकोस. गोड ज्यूस मीच पाजते. रोज."

"मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, फळांचा रस देते."

"म्हणाले खरी."

आईने ठमीची पिशवी खाली ठेवली. "सासूबाईंना तुम्हीच सांगा. मला तोंड नाही."

मावशींनी बाटल्या मोरीत ओतल्या. मुलांनी घर डोक्यावर घेतलं. मग मावशींनी पाण्याचे छोटे जग आणले. ज्याचं पाणी त्याने ओतून घ्यायचं. सांडलवंडीच्या नादात मुलं पाणी पिऊ लागली. दुपारी बिनसाखरेचं दूध.

आजीला त्यांनी, आईशी बोलल्या त्याच संध्याकाळी, सगळं सांगितलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"पोर माझ्याकडे यायला कचरते," ती म्हणाली. "तिला वाटतं, आई ओरडेल. ती भीती कशी काढायची?"

तेव्हापासून मावशी आजीला रोज घटकाभर आत बसवून घेतात. ठमी दुरूनच बघायची. परवा तिने स्वतःहून जग उचलला, आजीच्या पदरावर निम्मं सांडत तिच्यासाठी पेला भरला. आजी हसली. मावशींना मात्र तिच्याकडे बघवेना; त्या उगाच मोरीकडे वळल्या.