गेटपासून ओसरीपर्यंत

गेटपासून ओसरीपर्यंत मुरूम टाकायचा, सिमेंट करायचं की फरसबंदीचे गट्टू बसवायचे, एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरात रक्त निघालं. लोकांच्या घरी शेताच्या वाटणीवरून निघतं, आमच्याकडे गाडी आत घ्यायच्या वाटेवरून. कोणाला सांगितलं की हसतात. हसा बापा, तुमच्या घरी नाही झालं म्हणून हसता.

आम्ही भंडाऱ्यातले जुने विणकर. घरात आता एकच हातमाग उरलाय आणि तो मी चालवते. माझं लग्न मागाशीच लागलं, असं आई म्हणते. म्हणू दे. टसरचं कापड विणायचं तर आधी ताणा लावावा लागतो. सगळे उभे धागे लांबच्या लांब ताणायचे, जमिनीत खुंटे ठोकून त्यांच्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर धरायचे, त्यांना तांदळाची पेज पाजायची, कुंच्यानं विंचरायचं आणि सावकाश वाळू द्यायचं. पूर्वी हे सगळं मोहल्ल्याच्या रस्त्यावर व्हायचं. मग रस्ता सिमेंटचा झाला. सिमेंटात खुंटा जात नाही, आणि ते तापलं की पेज भराभर वाळून धागा कडक होतो, तुटतो. एकेक करून शेजारचे माग बंद पडले. आमचा वाचला, कारण गेटच्या आत मुरमाची ही चिंचोळी पट्टी होती. ती गेली की माझा माग गेला. यात समजण्यासारखं अवघड काय आहे?

आणि एक गोष्ट सांगून ठेवते. लागलेला ताणा कोणी ओलांडत नाही. ताण्यावरून पाय टाकणं म्हणजे सूत बाटवणं. ताण्याचं एक टोक गेटला टेकलेलं असतं, म्हणून उजव्या भिंतीकडच्या नळावरून डावीकडच्या, बाहेर जायच्या लहान दरवाज्याशी जायचं तर पार ओसरीपर्यंत जाऊन शेवटच्या खुंट्याला वळसा घालायचा. पाहुणा असो की पोस्टमन, वळसा घालायचा म्हणजे घालायचा.

दादानं गाडी घेतली आणि कटकट सुरू झाली. पावसाळ्यात चाक मुरमात रुतलं. सगळ्या मोहल्ल्यानं धक्का मारला, दादाचा इस्त्रीचा शर्ट चिखलानं भरला. संध्याकाळी तो नमुने घेऊनच आला. एक लाल गट्टू, एक चकचकीत टाइल, मोबाइलवर सिमेंटच्या नक्षीचे फोटो.

"बाबा, सिमेंट टाकून टाकू. एकदाची कटकट जाईल."

"अन् खुंटे काय तुह्या डोक्यात ठोकू?"

बाबांचं बोलणं हे असं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण त्यांना बघूनच कोणीतरी काढली असावी. टाइल त्यांनी हातात घेतली, तिच्यावर पाणी ओतलं, "यावर तं मांजरबी घसरते" म्हणाले आणि भिंतीवर फेकून मारली. दादानं जेवणाचं ताट उचलून अंगणात भिरकावलं. भात, वरण, सगळं मुरमात. आई ते गोळा करत राहिली आणि मी दोघांनाही शिव्या दिल्या. मला येतात, बाबांकडूनच शिकले.

महिनाभर हेच. गिट्टी टाकू, तर ती चाकाखालून उडते. नुसता मुरूम दाबू, तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. मी दादाला म्हटलं, "गाडी बाहेर ठेव ना, कोण खाऊन राहिलं तुही गाडी?" तो म्हणाला, "तुले नाई समजत. मले ही जमीन दिसलीच नाई पाहिजे." मला वाटलं, साहेबाला मातीची लाज वाटते. डोक्यात अशी सणक गेली की दोन दिवस त्याला चहा दिला नाही.

मग एका सकाळी, ताणा लागलेला असताना, न सांगता सिमेंटचा मिक्सर दारात आला. आई गरम पेजेनं भरलेली गंजी घेऊन उभी. बाबांच्या हातात जास्तीचा खुंटा, माझ्या हातात खुंटे ठोकायची लाकडी मोगरी. दादा लहान दरवाज्यातून आत आला आणि म्हणाला, "ताणा काढा."

"सुकू दे. संध्याकाळी काढतो."

"मिक्सर संध्याकाळपर्यंत थांबत नाई."

"मंग जाऊ दे त्याले. कोणी बलावलं?"

बाबा, आई आणि मी ताण्याच्या उजव्या बाजूला होतो, दादा डाव्या. दादाचं तोंड लाल झालं. तो बाबांना मारायला निघाला आणि, आता ऐका, एवढ्या रागातही तो ओसरीपर्यंत गेला, शेवटच्या खुंट्याला वळसा घातला आणि मग परत गेटकडे धावत आला. मिक्सरवाली माणसं बघत राहिली. त्यानं बाबांची कॉलर धरली आणि त्यांच्या हातातल्या खुंट्याकडे बोट केलं.

"याच जागी मारलं होतं मले तुम्ही. याच खुंट्यानं. पतंगीमागं पळून राहिलो होतो, ताण्यावरून उडी मारली, तं डोकं फोडलं माहं. इथं, या नळाजवळ पडलो होतो मी. अन् तुम्ही पहिले धागे जोडले, मंग मले उचललं."

दादाच्या भुवईवर आडवा व्रण आहे. लहानपणापासून मला सांगितलं होतं की तो नळावर घसरला. मी आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली.

"मारलं," बाबा म्हणाले. "मंग? ताणा का खेळाची दोरी होय?"

दादानं त्यांना ढकललं. बाबांचं डोकं भिंतीवर आपटलं, कानामागून रक्त आलं आणि पांढऱ्या बनियनवर उतरलं. त्यांनी तशातही खुंटा फिरवला, तो दादाच्या बरगडीत बसला. दादानं पुन्हा हात उगारला आणि मी मोगरी घातली त्याच्या हातावर. बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या बापाला मारतो? आणि खरं सांगते, बापासाठी कमी आणि त्या पट्टीसाठी जास्त मारलं मी. मग तिघंही एकमेकांना धरून, ओरबाडून, शिव्या देत त्या भिंतीशी लोळलो. ताण्याला मात्र कोणाचा धक्का लागला नाही.

आईनं गंजीतली पेज आमच्या अंगावर ओतली. चांगली गरम होती. आम्ही किंचाळत सुटलो.

"मेले कुठचे," आई म्हणाली. "गट्टू बसवा. नळाची लाइन खोदाले मंदिरासमोरचे काढले होते लोकाइनं, अन् तसेच परत ठेवले. खुंटा ठोकाचा त्या दिवशी काढा, गाडी आणाची त्या दिवशी ठेवा. अन् आता कोणी तोंड उघडलं तं मी या घरात राहात नाई."

मिक्सर परत गेला. गट्टू आले, खाली दगडाची चुरी अंथरून बसवले. खुंट्यांच्या जागचे मोकळे, बाकीचे घट्ट. पाणी मारलं की खाली मुरतं, फार तापतही नाहीत. गाडी झोकात आत यायला लागली. मला आवडले ते, पण घरात कौतुक कोणाजवळ करणार? बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. भाजी वाढायची तरी बाबा मला सांगत, "त्याले विचार, पाहिजे का?" तो समोरच बसलेला असायचा.

बाबांना आता वाकवत नाही. म्हणून ताण्याच्या दिवशी आई दादाला हुकूम सोडते आणि तो गाडी बाहेर काढतो, लोखंडी सब्बलीनं गट्टू उचलतो, खुंटे ठोकतो. बाबांकडे पाठ करून.

गेल्या हिवाळ्यात असाच एक रविवार होता. वहिनी माहेरी सानगडीला गेली होती, दादाची लेक मागं आमच्याजवळ राहिली होती. पहिलीत जाते. ताणा लागला होता, पेज पाजून झाली होती. बाबा गेटजवळ, उजव्या भिंतीशी, नळाच्या कट्ट्यावर बसले होते. दादा त्यांच्याजवळच उरलेले खुंटे धूत होता. पोरगी मांजरीच्या पिल्लामागं डावीकडून धावत आली आणि पिल्लू ताण्याखालून गेलं तशी हिनं वरून उडी मारली. पाय अडकला. मूठभर धागे तुटले आणि ती दादाच्या पुढ्यात येऊन पडली.

दादाचा हात वर गेला. हातात ओला खुंटा होता. मी त्याचं तोंड बघितलं. ते बाबांचंच होतं. "दादा!" म्हणून मी ओरडले, पण मी ताण्याच्या डाव्या बाजूला होते, पोचणार कशी?

बाबा कसे उठले, मला माहीत नाही. ज्या माणसाला चप्पल घालायला भिंत लागते, तो पोरीवर आडवा झाला. खुंटा त्यांच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. कट्कन आवाज आला. पोरगी त्यांच्या पोटाखाली रडत होती, तिला खरचटलंही नव्हतं.

दादाच्या हातातून खुंटा गळून पडला. "बाबा," म्हणाला, "बाबा, मी..."

"हा मार माहाच होता, बाबू," बाबा म्हणाले. "माहाच होता. तिले उचल."

बाबू. हे नाव त्यांनी दादाला शेवटचं कधी दिलं होतं, मला आठवत नव्हतं.

दादानं पोरीला बाजूला केलं आणि बाबांना दोन्ही हातांवर उचललं. गाडी बाहेर उभी होती. लहान दरवाजा त्याच्या समोरच, पण ताण्याच्या डावीकडे, माझ्या बाजूला. मला वाटलं आता तो ओसरीकडे वळणार. तो वळला नाही. सरळ ताण्यात पाय टाकून चालत आला. धागे तटातट तुटत गेले, काही त्याच्या पायात गुंडाळले, एक खुंटा उपटून त्याच्या मागं घासत आला. बाबांनी डोळे उघडे ठेवले होते. ते दादाच्या भुवईकडे बघत होते, खाली एकदाही बघितलं नाही.

कितीक दिवसांचं काम होतं ते माझं. मी त्याच तुटलेल्या जागेतून पलीकडे गेले, पोरीला कडेवर घेतलं आणि त्यांच्या मागं गाडीत जाऊन बसले.