बंधाऱ्याचा ठराव

रत्नागिरीहून येताना पावस गावाच्या अलीकडे आमची वाडी, आणि वाडीखालून वाहणारा वहाळ. पाणी इतकं गार की पौषात त्यातले खेकडे काठावर येऊन उन्हात कण्हत बसतात; मी स्वतः ऐकलंय. दिवाळी सरली की हा वहाळ अडवायचा, अशी आमच्याकडे रीत होती. घरटी एक माणूस यायचा, दगड रचायचे, चिखल आणि गवत कोंबून फटी लिंपायच्या. ज्या घराचा हात बंधाऱ्याला लागला, त्या घराला पाटाच्या पाण्याची पाळी. मास्तर असो, खलाशी असो, नाहीतर माझ्यासारखा आंब्याच्या कलमांचा बागायतदार असो, सगळ्यांना चिखल सारखाच.

गेल्या वैशाखात मी ही रीत मोडली. नुसत्या तोंडाने.

मुंबईचे चाकरमानी सुट्टीला गावात होते, देवळात वाडीची सभा भरली होती. माझी कंबर तेव्हा फार दुखायची, म्हणजे बंधारा आठवला की दुखायची. एरवी पोरांबरोबर क्रिकेट खेळायची. मी उठलो. माझा आवाज असा की रत्नागिरीच्या बंदरातल्या होड्या भोंगा समजून सुटतात.

"मंडळी, बंधारा सगळ्यांचा राहील, हा झाला समाजवाद. बांधायला भाड्याचं मशीन आणू, ही भांडवलशाही. आणि ठरवायचं हात वर करून, ही लोकशाही! तिन्ही पक्वान्नं एका पानात वाढतोय, आता लाजू नका. घरटी वर्गणी काढा. देईल त्याला पाळी."

"आणि देणार नाय त्याला?" मागून कुणीतरी विचारलं.

"आपल्या वाडीत इतकं दरिद्री आहे कोण?" मी म्हटलं. टाळ्या पडल्या.

वहाळाकाठच्या मळ्यातली वहिनी तेव्हा खांबाला टेकून बसली होती. मला दिसत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पाटाच्या पाण्यावर ती लाल माठ, मुळा, वालीच्या शेंगा काढायची आणि एसटीने रत्नागिरीला नेऊन विकायची. दुसऱ्याच्या दारी कामाला जायचं नाही, एवढा एकच ताठा तिने जपला होता. वर्गणीला तिच्याकडे पैसे नव्हते, हात होते. हात वर झाले ते बहुतेक मुंबईकरांचे, ज्यांनी वहाळाच्या पाण्याने कधी पायसुद्धा धुतले नव्हते. तिने हात वर केला नाही. वर न केलेला हात मोजायची आमच्यात पद्धत नाही. ठराव पास झाला आणि मी दोन कप चहा जास्त प्यायलो.

दिवाळीनंतर मशीन आलं. खोटं कशाला बोलू, बंधारा झाला झकास. आम्ही दिवसभर कण्हत जे करायचो ते त्याने न्याहारीच्या आत उरकलं. आम्ही वर्गणीदार काठावर उभे राहून फोटो काढत होतो, तेवढ्यात वहिनी आली. साडीचा काष्टा खोचलेला, डोक्यावर घमेलं.

तिने बंधारा बघितला. मग पाट बघितला. तिच्या मळ्याकडे जाणारं पाटाचं तोंड मातीने बुजवलेलं होतं.

"भावजी, मी कुठला दगड लावू?"

मी म्हटलं, "अगो, आता दगड लावायची गरजच नाय. मशीनने—"

"मग माझी पाळी?"

एरवी मुंगीच्या लग्नाची वरात तासभर वर्णन करणारा मी, माझ्या तोंडून निघालं काय, तर, "माझ्या पाळीतलं घे की थोडं. मी काय नाय म्हणतोय?"

"तुमचं कसं घेऊ, भावजी? कालपर्यंत ते माझं होतं."

डोक्यावरचं घमेलं तसंच घेऊन ती गेली. फोटोत आम्ही सगळे हसतोय. तो फोटो मी कुणाला पाठवला नाही.

माघात तिचा मळा सुकला. चैत्रात आंबे उतरायला लागले, पेट्या भरायला बायका आल्या, आणि त्यांच्यात खाली मान घालून ती. माझ्याच बागेत मी चोरासारखा वागू लागलो. ती पूर्वेच्या कलमांखाली असली की मला पश्चिमेला काम निघायचं. ती पश्चिमेला गेली की मी घरूनच फोनवर बाग चालवायचो.

पुन्हा वैशाख आला, सभा ठरली, तेव्हा मात्र धीर करून मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती पेटीत पेंढा पसरत होती.

"वहिनी, परवा सभा आहे. तो ठराव मीच मागे घ्यायला सांगणार. दगड मशीनने लावूया, पण लिंपण हाताने, आणि ज्याचा हात लागेल त्याला पाळी. तू येऊन बोललीस तर लोक ऐकतील."

"किती वाजता?"

"दुपारी तीनला."

तिने आंबा पेंढ्यात नीट टेकवला. "मग अर्ध्या दिवसाची हजेरी लावणार, की कापणार?"

शेजारच्या बायका खुदकन हसल्या. टोमणा असता तर मी दुप्पट करून परतवला असता. त्यात मी जिल्ह्यात पहिला. पण तो टोमणा नव्हता. तिला खरोखरच कळायला हवं होतं.

"लावीन," मी म्हटलं.

म्हणजे आता तिचं मतसुद्धा माझ्याच पैशाने पडणार होतं.