काकांच्या पाठीवर बाबा

ऑइलपेंटचा वास आला की रामटेकपलीकडचं आमचं गाव आठवतं. निवडणुकीत काकांनी सामाईक भिंतीवर आपल्या पक्षाचं चिन्ह रंगवलं, बाबांनी ते खुरप्याने खरवडलं आणि काकांनी फावड्याचा दांडा बाबांच्या डोक्यात घातला. कवटी उलली, रक्त डोळ्यांत उतरलं. गावात सगळ्या पक्षांचे झेंडे होते, रस्ता तेवढा नव्हता. अँब्युलन्स तीन किलोमीटरवरच थांबली. मग काकांनीच बाबांना पाठीवर घेतलं आणि रडत पळू लागले. "मरून नको जाऊ गा, दादा!" "मरतो काहून?" बाबा पुटपुटले, "तुह्या मानसाच्या इरोधात मत द्याचं हाये मले." बाबा वाचले, पुढे कित्येक वर्षं काकांशी भांडले. परवा बाबांच्या तेरवीला काका माझ्याशेजारी बसून म्हणाले, "आता भांडू कोनासंग?"